पुणे ते कन्याकुमारी बाईकवर जायचंय, शरीर आणि बाईक कशी तयार करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला एक मित्र, ३५० सीसीची बाईक, आजवर ताम्हिणी, महाबळेश्वर, दापोली असं फिरणं झालंय. जानेवारीत एकट्याने कन्याकुमारीला जायचंय, दोन दिवसात पोचायचा विचार आहे, पण दीड-दोनशे किलोमीटर झाले की बूड आणि खांदे बोंबलायला लागतात. तर एवढं लांब टिकायचा स्टॅमिना कसा आणायचा आणि बाईकचं काय काय करून घ्यायचं.

भावा, आधी मुख्य गोष्ट सांगतो मग बाकीचं. दुखणं सहन करायची तयारी करूच नकोस. लांबच्या राईडमधे सहन करणारा माणूस पुढे जात नाही, दहा मिनिटं थांबून दुखण्याचं कारण काढून टाकणारा जातो. पहिल्या तासात जे नुसतं खुपतंय ते सहाव्या तासात तुझं सगळं लक्ष खाऊन टाकतं आणि लक्ष गेलं की मग हायवेवर काय होतं ते वेगळं सांगायला नको. आमच्यातल्या एकाच्या जॅकेटच्या कॉलरला वेल्क्रोची एक पट्टी होती, बोटभर लांबीची, ती नीट चिकटत नव्हती आणि वाऱ्याने मानेवर सारखी फटफट आपटायची. त्याला वाटलं एवढ्याशासाठी काय थांबायचं. हुबळी सोडल्यापासून तुमकूरपर्यंत ती आपटत राहिली. तिथे चहाला थांबलो तर मानेची उजवी बाजू लालबुंद, सोललेली, आणि गेले दोन तास हा गडी मान वळवायला लागू नये म्हणून उजव्या आरशात बघतच नव्हता. इलाज काय होता? दोन इंच चिकटपट्टी. बाकी सगळं उत्तर म्हणजे हीच गोष्ट वेगवेगळ्या जागी लावायची आहे.

आता बुडाचं बघू, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. नव्वद टक्के लोक लगेच सीट बदलायला धावतात किंवा जेलची गादी मागवतात. त्याआधी तू आत काय घालतोस ते बघ. कॉटनची चड्डी घाम पिते आणि ओलीच राहते, तिची शिवण नेमकी बसायच्या हाडाखाली येते, वर जीन्सची जाड शिवण, म्हणजे चार-पाच तास तू दोन दोऱ्यांवर बसलेला असतोस. सायकलवाले घालतात तसली घट्ट, शिवण नसलेली सिंथेटिक शॉर्ट घे, पॅड नसलेली चालेल, उलट मोटारसायकलवर जाड पॅड बऱ्याच जणांना खुपतं. मांड्या घासतात तिथे सकाळी निघतानाच व्हॅसलिन लाव, चट्टे उठल्यावर लावून उपयोग नाही. दुसरं म्हणजे एकाच जागी ठाण मांडून बसू नकोस. सीटवर चार इंच पुढे-मागे सरकत राहा, रस्ता मोकळा आणि सरळ असेल तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी फूटरेस्टवर वजन टाकून बूड जरा उचल, पाच-सात सेकंद पुरतात, रक्त परत फिरतं. एवढं करूनही तीनशेनंतर त्रास होत असेल तर मग सीटच्या दुकानात जाऊन फोम बदलून घे. तोही मऊ नाही, कडक घे. मऊ फोम दुकानात छान वाटतो आणि तासाभरात दबून खालच्या पत्र्याला टेकतो.

खांद्याचं दुखणं मात्र बहुतेक वेळा हँडलचं असतं आणि ते फुकटात सुटतं. बाईक मेन स्टँडला लाव, त्यावर बस, डोळे मिट, दोन्ही हात सहज पुढे सोड आणि मग डोळे उघड. बोटं क्लच-ब्रेकच्या लिव्हरवर सरळ रेषेत पडली पाहिजेत, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मनगट मोडता कामा नये. कंपनीतून येताना लिव्हर बऱ्याचदा वर चढवलेले असतात, त्यामुळे दिवसभर मनगट मागे मोडून धरावं लागतं आणि करंगळीला मुंग्या येतात. क्लॅम्पचा बोल्ट अर्धा फेरा ढिला कर, लिव्हर जरा खाली फिरव, परत आवळ, स्विच आणि केबल कुठे ताणली जात नाही ना बघ. दहा मिनिटांचं काम आहे. आणि ग्रिप घट्ट पकडायची सवय सोड. टाकी गुडघ्यांनी धर, पाय आणि पोट शरीर सांभाळतात, हातांनी फक्त दिशा द्यायची. ज्याचे हात दुखतात तो माणूस हँडलवर लोंबकळत चाललेला असतो, हे मी आता मागून येणाऱ्या बाईकवरूनसुद्धा ओळखू शकतो.

कानाचं कुणी विचारत नाही, पण माझ्या मते थकवा येण्यात झोपेच्या खालोखाल नंबर वाऱ्याच्या आवाजाचा आहे. ८०-९० च्या स्पीडला हेल्मेटच्या आत आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो, चांगल्या हेल्मेटमधेही. दिवसभर हा मारा झाला की संध्याकाळी डोकं जड, चिडचिड, आणि माणूस म्हणतो आज ऊन फार होतं. मेडिकलमधे फोमचे इअरप्लग मिळतात, वीस-तीस रुपयाला जोडी, पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर ओढायचा आणि आत सरकवायचे. हॉर्न, ॲम्ब्युलन्स, ट्रकचं इंजिन सगळं ऐकू येतं, फक्त सूं सूं आवाज कमी होतो. एक राईड लावून कर, परत काढणार नाहीस. गाणी ऐकायला इअरफोन मात्र नको. तो आवाजावर आवाज चढवतो आणि त्यातून रस्त्यावर काय चाललंय ते कळत नाही ते वेगळंच.

तयारीला तुझ्याकडे दोनेक महिने आहेत असं धरतो. जिम लावायची गरज नाही पण रोज वीस मिनिटं प्लँक, स्क्वॉट आणि मानेचे साधे व्यायाम कर, पाठ आणि पोट मजबूत असलं की खांद्यावर भार येत नाही. खरी तयारी बाईकवरच होते. एका रविवारी पुणे-कोल्हापूर-पुणे कर, जाऊन-येऊन साडेचारशेच्या वर जातं. कोल्हापुरात मिसळ खा, तासभर आराम कर आणि परत ये. पंधरा दिवसांनी लागोपाठ दोन दिवस कर, शनिवारी चारशे आणि रविवारी चारशे, कारण पहिल्या दिवशी कुणीही चालवतं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत बाईकवर बसताना शरीर काय बोलतं ते तुला कळलं पाहिजे. आणि या राईड्स जे कपडे, जे बूट, जे हेल्मेट, जेवढं सामान प्रत्यक्ष नेणार आहेस तेच घेऊन कर. नवीन बूट घालून कन्याकुमारीला निघालेली माणसं मी बघितलीयेत, निपाणीला पोचेपर्यंत घोट्याला फोड. परत आलास की वहीत लिहून काढ काय काय टोचलं, काय सुटलं, काय कधी लागलंच नाही. त्या यादीतली एकेक गोष्ट निकालात काढणं हीच तुझी तयारी.

बाईकचं सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करायचं नाही. ही चूक बहुतेक सगळे करतात. दहा-बारा दिवस आधी कर आणि मग तीन-चारशे किलोमीटर चालव, म्हणजे मेकॅनिककडून एखादा नट ढिला राहिला असेल, ऑइल गळत असेल, ब्रेक घासत असेल तर ते घराजवळ कळेल, चित्रदुर्गच्या माळावर नाही. ऑइल आणि फिल्टर नवीन, एअर फिल्टर साफ किंवा नवीन, ब्रेक पॅड अर्ध्याच्या वर झिजले असतील तर बदलूनच टाक, बॅटरीचे टर्मिनल घट्ट. टायरची नक्षी झिजून मधला पट्टा सपाट झाला असेल तर पैसे वाचवू नकोस. हवा सकाळी, टायर थंड असताना, सामानासकट मॅन्युअलमधे दिलीय तेवढी. दुपारी गरम टायर मोजलास तर दोन-चार पीएसआय जास्त दिसणारच, ती कमी करायची नाही.

चेनसाठी पाचशे किलोमीटरचा नियम ठेव, म्हणजे तुझ्या राईडमधे रोज संध्याकाळी एकदा. मुक्कामाला पोचलास की लगेच, चेन गरम असताना, इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने चेन लुबचा स्प्रे मारायचा, मग रात्रभर तो मुरतो. सकाळी घाईत मारलास तर पहिल्या दहा किलोमीटरमधे निम्मा उडून मागच्या रिमवर जातो. इंजिन चालू ठेवून चाक फिरतंय म्हणून फडकं लावणारे लोक असतात, त्यात बोटं गेलेली आहेत, तसं कधीच करायचं नाही.

आता क्लच केबल. ही गोष्ट जरा बारकाईने सांगतो कारण एकट्याने जाणाऱ्याची राईड वाचवणारी आहे. केबल एकदम तुटत नाही, लिव्हरच्या खोबणीत तिचं टोक बसतं तिथल्या बारीक तारा एकेक करून तुटत जातात, बाहेरून काही दिसत नाही, फक्त क्लच जरा जड लागतो आणि अडकत अडकत सुटतो. म्हणून निघायच्या आधी लिव्हर दाबून रबराचं टोपण मागे सरकव आणि टॉर्च लावून त्या टोकाकडे बघ. एक जरी तार सुटलेली दिसली तर केबल बदल. आणि नवीन जादाची केबल बॅगेत ठेवू नकोस. तिला ऑइल सोड आणि जुन्या केबलच्या शेजारून त्याच वाटेने टाकीखालून ओढून झिप टायने बांधून ठेव, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळ. रस्त्यात जुनी तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची, पंधरा मिनिटं, टाकी काढायची गरज नाही, मेकॅनिक शोधायची गरज नाही.

पंक्चरचं तुझ्या चाकावर आहे. अलॉय आणि ट्यूबलेस असेल तर स्ट्रिपचं, म्हणजे भोकात खुपसायच्या रबरी पट्ट्यांचं, किट आणि छोटा पंप घे, घरी एकदा जुन्या टायरवर स्ट्रिप घालून बघ, पहिल्यांदा घालताना जोर किती लागतो ते आधी कळलेलं बरं. स्पोकचं चाक असेल तर पुढची-मागची एकेक ट्यूब जवळ ठेव. हायवेला पंक्चरवाला मिळतो, तुझ्या साईझची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही.

सामान कमी ने, आणि ते मागे उंच न लावता दोन्ही बाजूला खाली, सॅडलबॅगमधे. पाठीवर सॅक नको, तिचं सगळं वजन खांद्यावर आणि बुडावर येतं. पाण्याची दोन लिटरची बॅग तेवढी पाठीवर चालते. आकडेवाली लवचिक दोरी, बंजी म्हणतात ती, वापरू नकोस. आकडा सुटून चेनमधे किंवा चाकात जातो आणि चाक जाम होतं. बकलवाले पट्टे घे, बांधून झाल्यावर उरलेली टोकं आत खोच, आणि प्रत्येक थांब्यावर हाताने ओढून बघ.

अंगावर घालायच्या गिअरबद्दल वाद घालणार नाही. फुल फेस हेल्मेट, गार्डवालं जॅकेट, गुडघ्याचे गार्ड, पूर्ण बोटांचे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट. हेल्मेटला साधी पांढरी काच हवीच, काळ्या काचेने पहाटे आणि संध्याकाळी खड्डा दिसत नाही.

आता दोन दिवसाचं. पुण्याहून कन्याकुमारी साधारण दीड हजार किलोमीटर आहे. परदेशात आणि आपल्याकडेही आयर्न बट असोसिएशनची सॅडलसोर नावाची राईड प्रसिद्ध आहे, चोवीस तासात हजार मैल म्हणजे सोळाशे दहा किलोमीटर, ते बघून लोकांना वाटतं आपण दोन दिवसात सहज करू. ते करणारे लोक वर्षानुवर्षं चालवून, आपली झोप, आपला मेंदू, आपली मर्यादा ओळखून मग ते करतात. तू पहिल्यांदा जातोयस, तीन दिवस घे. माझी विभागणी अशी असते: पहिल्या दिवशी पुणे ते दावणगेरे, पावणेसहाशेच्या आसपास, कारण पहिल्या दिवशी अंग ताजं असतं. दुसऱ्या दिवशी दावणगेरे ते सेलम, साडेचारशेच्या थोडं वर पण मधे बंगळूर आहे. तिसऱ्या दिवशी सेलमहून मदुराई करत कन्याकुमारी, पावणेपाचशे-ऐंशी.

वेळेचा हिशोब लोक चुकवतात तो असा. मीटरवर ८० दिसतं म्हणून पावणेसहाशेला सात तास धरतात. आपल्या हायवेवर ८०-८५ ने चालवलं तरी गावं, डायव्हर्जन, टोलनाके, स्पीडब्रेकर धरून चालू गाडीचं ॲव्हरेज ६५ पडतं, म्हणजे नऊ तास. त्यात नाश्ता अर्धा तास, जेवण पाऊण तास, पेट्रोल आणि छोटे थांबे मिळून तासभर. सव्वाअकरा तास झाले. साडेपाचला निघालास तर पावणेपाचला दावणगेरे, उजेडात, हॉटेल शोधायला, चेनला लुब करायला आणि लोण्याचा डोसा खायला वेळ. आता याच हिशोबात १०० ने चालवून तू काय मिळवशील? कागदावर दीड तास, प्रत्यक्षात त्याच्या निम्मा, कारण पुढचा ट्रक आणि पुढचं गाव तुला परत ८० वर आणतंच. आणि वाऱ्याचा रेटा स्पीडच्या वर्गात वाढतो, म्हणजे ८० वरून १०० केलंस की छातीवरचा दाब दीडपटीहून जास्त. ३५० च्या सिंगल सिलिंडरला त्या स्पीडला हँडल आणि फूटरेस्ट थरथरायला लागतात, त्या मुंग्या रात्री झोपताना पण जात नाहीत. ८०-८५ धर. तुझ्यापुढे जाणारे जाऊदे, ते तुला पुढच्या टपरीवर भेटतातच.

थांबायचं घड्याळ बघून, दर सव्वा ते दीड तासाने, बरं वाटत असेल तरीही. हेल्मेट काढ, पाणी पी, लघवीला जा, पन्नास पावलं चाल, मांड्या आणि पाठ ताण, पट्टे ओढून बघ, टायरकडे नजर टाक, निघ. दहा मिनिटं. मोबाईल काढलास की दहाची पंचवीस होतात, घरच्यांना मेसेज नाश्ता, जेवण आणि मुक्काम असा तीनदाच करायचा हे आधीच ठरवून ठेव म्हणजे ते पण काळजी करत बसत नाहीत. पेट्रोल अडीचशे किलोमीटरला भर, टाकी चारशे देत असली तरी.

पाण्याची खूण सोपी आहे, चार तासात लघवी लागली नसेल तर तू सुकलायस. वाऱ्यात घाम दिसत नाही, अंगावरच वाळतो, म्हणून तहान कळत नाही आणि दुपारी तीनला कपाळ ठणकायला लागतं तेव्हा लोक हेल्मेटला दोष देतात. दिवसातून एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट घाल, बाकी साधं पाणी. बीपीचा त्रास असेल तर ओआरएस डॉक्टरला विचारून. दुपारचं जेवण हलकं, दोन इडल्या, थोडा दहीभात, केळं. तमिळनाडूत केळीच्या पानावर भात वाढत राहतात आणि चव अशी की नको म्हणवत नाही, पण ते जेवण मुक्कामाच्या रात्रीसाठी राखून ठेव, कारण दुपारी दोन ते चार शरीर तसंही झोप मागतं आणि भात त्यात भर घालतो.

आणि झोप. यावर मी सगळ्यात जास्त बोलतो कारण यातूनच माणसं जातात. डुलकी येताना आधी खुणा देते: गेले पाच किलोमीटर कसे आले ते आठवत नाही, स्पीड आपोआप ८० चा ६५ झालेला असतो, एकच बोर्ड दोनदा वाचावा लागतो, जांभया थांबत नाहीत, सीटवर सारखी चुळबुळ. यातली एक जरी आली तर पुढच्या सुरक्षित जागी थांब, पुढच्या गावाला नाही. चार सेकंद डोळा लागला तर ८० च्या स्पीडला बाईक जवळजवळ नव्वद मीटर चालवणाऱ्याशिवाय जाते. गाणी म्हणणं, काच उघडणं, तोंडावर पाणी मारणं, यांनी पाच मिनिटं जातात, झोप जात नाही. झोपेवर इलाज फक्त झोप. पेट्रोल पंपाची सावली, ढाब्याची खाट, बसथांब्याचा कट्टा, कुठेही वीस मिनिटांचा गजर लावून आडवा हो. आडवं होण्याआधी एक कॉफी पी, तिला चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तू उठतोस तेव्हा ती कामाला लागलेली असते, आणि दक्षिणेत चांगली फिल्टर कॉफी पावलोपावली मिळते. उठल्यावर लगेच किक मारू नकोस, पाच मिनिटं चाल. आणि निघायच्या आधीच्या दोन रात्री पूर्ण झोप. शुक्रवारी रात्री एक वाजेपर्यंत बॅगा भरत बसलेला माणूस शनिवारी दुपारी धारवाडजवळ पेंगतो, दरवेळी. बॅग बुधवारी भरून दाराशी ठेव.

रस्त्याचं आता. जुने लोक अजून एनएच फोर म्हणतात तो आता ४८ आणि बंगळूरनंतरचा जुना सात नंबर तो आता ४४, बोर्डवर नवीन नंबर बघ. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो म्हणजे साडेपाचला निघालास तर खंबाटकी अंधारातच लागतो. आणि तो उसाचा हंगाम असतो. साताऱ्यापासून कर्नाटकच्या हद्दीपर्यंत, आणि बेळगावच्या पट्ट्यातही, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वीस-पंचवीसच्या स्पीडने, बऱ्याचदा मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस बाहेर लोंबतोय. अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा तू तिच्या पन्नास मीटरवर असतोस. उजाडेपर्यंत ६० च्या वर जाऊ नकोस, एवढं माझं ऐकच. सातारा-कागल रुंदीकरणाच्या कामात जिथे वाहतूक सर्व्हिस रोडवर वळवलीय तिथे खडी आणि उलट बाजूने येणाऱ्या दुचाक्या धरूनच चाल.

हुबळी-धारवाड बायपास वर्षानुवर्षं दुपदरी होता आणि समोरासमोरच्या अपघातांनी बदनाम आहे, तिथे ओव्हरटेकची हौस नको. चित्रदुर्गच्या डोंगरांवर पवनचक्क्या दिसायला लागल्या की आडवा वारा आलाच समज. हात सैल सोड, गुडघे टाकीला घट्ट, आणि मोठ्या ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना झटका बसणार हे आधीच धर. हात आवळलास की तोच झटका हँडलमधे जातो आणि बाईक डोलते.

दुसऱ्या दिवशी दावणगेऱ्याहून सहाला निघालास की साडेदहा-अकराला बंगळूरच्या अलीकडे नेलमंगलात पोचतोस, ऑफिसची गर्दी संपलेली असते. तिथून शहराला बाहेरून वळसा घालणारा नाईस रोड धरून थेट होसूर रोडला निघ. नाईस रोडला दुचाकीलासुद्धा टोल आहे आणि रात्री १० ते पहाटे ५ दुचाकींना बंदी आहे. बाकी राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. दुपारी धर्मपुरी सोडल्यावर सेलमच्या आधी तोप्पूरचा घाट लागतो. सेलमकडे जाताना लांबच लांब उतार आहे, लोड ट्रक तिथे ब्रेक तापून सुटतात आणि समोरच्या गाड्यांवर जातात, अशा अपघातांसाठी तो घाट कुप्रसिद्ध आहे. डाव्या लेनला राहा, चौथ्या-तिसऱ्या गिअरमधे इंजिनच्या ब्रेकिंगवर उतर, दोन ट्रकच्या मधे कधीही नको, आणि रस्त्याइतकंच आरशात बघ. मागचा ट्रक जवळ येतोय असं वाटलं तर कडेला होऊन त्याला जाऊदे.

सेलमनंतर नामक्कल, कावेरी ओलांडून करूर, दिंडिगुल, मदुराई, रस्ता सुरेख आहे, आणि तोच धोका. सपाट, सरळ, एकसारखा, झोप आणणारा. या पट्ट्यात थांबे सव्वा तासावर आण. तिरुनेलवेलीच्या पुढे अरलवाईमोळी खिंडीजवळ परत पवनचक्क्यांचं रान लागतं, जानेवारीत तिथे जून-जुलैसारखा जोर नसतो तरी हात सैल.

महिना तू बरोबर निवडलायस. नोव्हेंबर-डिसेंबर सुट्ट्या असतात म्हणून लोक जातात, पण तमिळनाडूत खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. २०२३ च्या डिसेंबरमधे तिरुनेलवेली-तूत्तुकुडी भागात पूर आला तेव्हा कायलपट्टिणमला एका दिवसात ९५ सेंटीमीटर पाऊस झाला होता. जानेवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम, पोंगलची गर्दी पण ओसरते. एप्रिल-मे नको, हवा शरीरापेक्षा गरम झाली की वारा गार करत नाही, भाजतो.

फोनच्या लॉक स्क्रीनवर घरच्या माणसाचा नंबर आणि रक्तगट दिसेल असं ठेव, आणीबाणीचा ११२ आणि महामार्गाच्या मदतीचा १०३३ सेव्ह कर, कागद डिजिलॉकरमधे.

परतीचं तू विचारलं नाहीस पण माणसं परतीलाच जास्त पडतात, कारण ध्येय झालेलं असतं आणि सोमवारी ऑफिस दिसायला लागतं. कन्याकुमारीत पूर्ण एक दिवस बाईकला हात लावू नकोस, झोप काढ, दुसऱ्या दिवशी उजेडात चेनचा ताण, स्पोक किंवा रिम, ब्रेक पॅड, सगळे बोल्ट हाताने बघून घे. परत येताना चार दिवस ठेव, सेलम, तुमकूर किंवा चित्रदुर्ग, कोल्हापूर, आणि कोल्हापूरला पोचल्यावर घर चारच तासांवर आहे म्हणून रात्रीच रेटायचा मोह होईल तेव्हा त्या उसाच्या ट्रॉल्या आठव. कोल्हापूरचं हॉटेल पुण्यातून निघतानाच बुक करून ठेव, पैसे भरून. आणि ऑफिसला रजा एक दिवस जास्तीची टाक.